टाकीचं पितळी झाकण

पाण्याचा एवढा दुस्वास करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोल्हापुरात चार महिने पाऊस धरून असतो, आणि ते चारही महिने धोंडीराम कांबळे कपाळाला आठ्या घालून पेट्रोलपंपाच्या आवारात उभे असत. कुणी गिऱ्हाईक ओली छत्री घेऊन उजव्या कोपऱ्याकडं वळलं की त्यांचा आवाज यायचा, "ओ पावणं! छत्री तिकडं झटका. हितं खाली टाकी हाय." गिऱ्हाईक दचकून पायाखाली बघायचं. पायाखाली नुसतं काँक्रीट. टाकी जमिनीच्या पोटात. तिच्या तोंडाशी गुडघाभर खोल चौकोनी खड्डा, खड्ड्यावर लोखंडी झडप. झडप उचलली की माप घ्यायच्या नळीचं तोंड दिसायचं आणि त्यावर फिरवून बसवायचं, आट्याचं पितळी झाकण. त्याला कुलूप. कुलपाची किल्ली कांबळ्यांच्या कंबरपट्ट्याला.

परवा आमच्या मालकांचा सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. 'जिल्ह्यात उसाचं पेट्रोल विकण्याचं पहिलं धाडस करणारे दूरदृष्टीचे उद्योजक' असं निवेदक म्हणाला, आणि मालकांनी मान खाली घालून ते पचवलं. मी पुढच्या रांगेत होतो. टाळ्याही वाजवल्या. घरी येऊन ताटावर बसलो तर घास तोंडात फिरायला लागला. बायको म्हणाली, पित्त झालं असेल. पित्त नव्हतं. शिसारी होती, मालकांची कमी आणि स्वतःची जास्त. म्हणून कांबळ्यांविषयी लिहायला बसलोय.

पंप गारगोटीच्या रस्त्याला, शहर संपता संपता. मी तिथं सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा कांबळे मॅनेजर होते. पन्नाशीला आलेला, काटकुळा, उंच माणूस. अंगात बारमाही अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, गोल कापलेले पांढरे गाळणकागद असायचे. पेट्रोलचा एक थेंब त्या कागदावर टाकायचा आणि थांबायचं. पेट्रोल खरं असेल तर उडून जातं, कागद होता तसा होतो. कुणी रॉकेल मिसळलं असेल तर डाग राहतो. डेपोतून टँकर आला की हे आधी. ड्रायव्हर चहाला चला म्हणून मिनतवाऱ्या करायचा आणि हे कागद उन्हात धरून उभे.

ही खोड पंपापुरती राहिली असती तर बरं. एकदा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. कंपाउंडरनं इंजेक्शन द्यायच्या आधी दंडाला स्पिरिटचा बोळा चोळला, तर यांनी तो बोळा मागून घेतला आणि खिशातल्या कागदावर दाबला. कंपाउंडर सुई हातात धरून उभा. दोन मिनिटांनी हे म्हणाले, "बरं हाय. द्या आता." आम्ही पंपावरची माणसं त्यांच्या पाठीमागं नकला करायचो. त्यांना ते माहीत होतं. "करा की," म्हणायचे, "पन नक्कल करताना कागद तरी स्वच्छ घ्या."

ते दिवस रॉकेलचे होते. रेशनचं रॉकेल कुठल्या टाकीत जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रिक्षा निळा धूर सोडत खोकत जायच्या, स्कूटरी चढाला रडायच्या, आणि गिऱ्हाईक मिस्त्रीला शिव्या घालायचं. तपासणीला साहेब यायचे, थंडगार काहीतरी पिऊन जायचे. कांबळे हे बघायचे आणि तोंडात कडू आल्यासारखा चेहरा करायचे. मला ऐकवायचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रॉकेल घातलेलं चालतंय, पन उसाचं चालत न्हाय. खोटं कराय परवाना लागत न्हाय पोवार, खरं कराय सतरा लागत्यात."

उसाचं म्हणजे स्पिरिट. आमच्याकडं कुठल्याही दिशेला तासभर गेलात तरी उसाचा फड आणि कारखान्याची चिमणी. साखर झाली की उरते ती मळी, आणि मळीपासून स्पिरिट. ते नीट कोरडं करून पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं तर गाडी निर्धोक चालते. हे कांबळ्यांना वाचून कळलेलं नव्हतं. ते मूळचे मुरगूडचे, रसायनशास्त्रातले पदवीधर, आणि पंपावर येण्याआधी बारा वर्षं एका डिस्टिलरीत केमिस्ट होते. बरी नोकरी होती. ती का सोडली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही खिडकीबाहेर बघत. त्यांचा धाकटा भाऊ लक्ष्मण दारूनं गेला. तिशीही गाठली नव्हती. "मी सई करून टँकर सोडायचो," ते म्हणाले, "त्येच स्पिरिट फिरून फिरून माझ्याच दारात आलं. आई म्हनायची, तुझ्या कारखान्यानं खाल्लं माझं पोरगं. काय खोटं बोलत हुती ती?" मग म्हणाले, "मान्सात जळायपरीस इंजनात जळू दे की. तेवढंच मागतोय मी."

हे एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऑफिसातल्या कपाटावर त्यांची एक काचेची बरणी असायची. येईल त्याला दाखवायचे. पेट्रोल घ्यायचे, त्यात स्पिरिट घालायचे, दोन्ही एकजीव. मग ड्रॉपरनं पाण्याचे थेंब. आधी बरणी गढूळ व्हायची आणि बघता बघता दोन थर पडायचे. वर नुसतं पेट्रोल, खाली पाणी आणि पाण्याबरोबर गेलेलं सगळं स्पिरिट. "बगा," ते म्हणायचे, "लेक सासरी बरी नांदत असती. पन माह्यारचं मानूस दारात आलं की पिशवी भरून निघालीच. स्पिरिटचं माह्यार म्हंजे पानी. म्हनून म्हंतोय, टाकीत पानी नगं." साध्या पेट्रोलमध्ये दोनचार घागरी पाणी गेलं तरी ते तळाला निपचित पडतं. पेट्रोल ओढणाऱ्या पाइपाचं तोंड त्याच्यावर असतं, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नाही. स्पिरिटचं तसं नाही. ते पाण्याला जाऊन मिळालं की तळाचा थर फुगतो, पाइपाच्या तोंडापर्यंत चढतो आणि गाड्यांच्या टाकीत पेट्रोलऐवजी तोच जातो. हे प्रात्यक्षिक मी पन्नास वेळा तरी पाहिलं असेल.

स्वतःची जुनी स्कूटर ते याच मिश्रणावर चालवायचे. प्रयोगापुरतं स्पिरिट जुन्या ओळखीनं, रीतसर पावती करून आणायचे. समोर हमीद मिस्त्रीचं गॅरेज होतं. हमीद भल्या मनाचा, पण तोंडानं फटकळ. स्कूटर दिसली की ओरडायचा, "ओ साहेब, तुमची गाडी प्यायल्याय! सांभाळून न्या घरला." आणि गंभीर होऊन सांगायचा, "ह्ये स्पिरिट वायसर फुगिवतंय. गाड्या माझ्याकडं येतील आन शिव्या मीच खाईन." कांबळ्यांनी त्याच्याच दुकानातले रबरी वायसर विकत घेतले, मिश्रणाच्या बाटलीत घातले आणि बाटली त्याच्याच फळीवर ठेवली. दर सोमवारी दोघं मिळून वायसर काढून मोजायचे. चार महिन्यांनी हमीदनं बाटली उचलून कांबळ्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "जावा घिऊन. मी न्हाय आता काय बोलनार."

मिस्त्रीला पटायला चार महिने लागले. सरकारी टेबलांना सहा वर्षांतही पटलं नाही, कारण पटवून घ्यायचंच कुणाला नव्हतं. तेल कंपनी म्हणाली, आमच्या पंपावर आमच्या डेपोतून येईल तेच विकायचं, बाहेरचा थेंब चालणार नाही. स्पिरिटचा परवाना देणाऱ्या खात्यानं विचारलं, ते कुणी पिणार नाही याची हमी कोण घेणार? स्फोटकांचं खातं म्हणालं, आधी त्या खात्याचं पत्र आणा. कारखान्याच्या एका संचालकानं तर पाय टेबलावर टाकून सांगितलं, "दारूवाला रोख नेतो. तुमची कंपनी कधी नेणार?" सगळे आपापल्या जागी बरोबर होते. सगळ्यांना मिळून एक गोष्ट होऊ द्यायची नव्हती, एवढंच.

एका कार्यालयात मी त्यांच्याबरोबर होतो. साहेबानं अर्ज वाचता वाचता आगपेटीतली काडी काढून कान कोरला. कांबळे त्याला बरणीतले थर समजावून सांगत होते. साहेब म्हणाला, "म्हणजे पंपावर दारू विकणार म्हणा की! गाडी एक घोट घेणार, मालक एक घोट घेणार." शेजारच्या टेबलावरचे कारकून खदाखदा हसले. मग त्यानं ती काडी अर्जाच्या कोपऱ्याला पुसली आणि अर्ज परत दिला. माझं डोकं फिरलं. कांबळ्यांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. जिन्यात आल्यावर तो उलगडला, कोपरा उजेडात धरला आणि म्हणाले, "डाग ऱ्हायलाय बगा, पोवार." आणि चक्क हसले. मला हसू आलं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर मात्र वरूनच वारं फिरलं. सरकारनंच ठरवलं, स्पिरिट मिसळलेलं पेट्रोल चाचणीसाठी विकून बघायचं. कंपनीनं थोडे पंप निवडले. त्यात आमचा पंप आला तो कांबळ्यांच्या सहा वर्षांच्या अर्जांमुळं नव्हे. मालकांच्या साडूचं वर वजन होतं आणि मालकांना पेपरात फोटो हवा होता. कांबळ्यांना याचं काही वाटलं नाही. "कुनाच्या का कोंबड्यानं हुईना," म्हणाले, "उजाडल्याशी कारन."

टाकी रिकामी केली, हवा मारली, माणसं उतरवून तळ पुसून घेतला. कांबळे वरून बॅटरी मारत बसलेले. पुसणारा म्हणाला, झालं साहेब. तर यांनी त्याच्या हातातलं फडकं घेऊन गालाला लावलं. "अजून ओलं हाय," म्हणाले. तीनदा पुसून घेतलं. पहिला टँकर रिकामा झाला त्या दिवशी ते जेवले नाहीत. हमीदनं आपली मोटारसायकल सगळ्यात पुढं आणून लावली आणि ओरडला, "पाज रं हिला! आता हिला बी लागू दे सवय." तीन महिने विक्री सुरळीत चालली. एक तक्रार नाही. कांबळ्यांच्या कपाळावरच्या आठ्या त्या तीन महिन्यांत मला कमी झाल्यासारख्या वाटल्या.

मग नवरात्र आलं.

कांबळे वर्षातून एकदाच सुट्टी घ्यायचे. अष्टमीला नागपूरच्या गाडीत बसायचे आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर असायचे. वडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात ही वारी चुकलेली नव्हती. त्या साली मात्र ते घुटमळायला लागले. "यंदा ऱ्हाऊ दे," म्हणाले. "खंडेनवमी हाय. तुम्ही लोक पंप धुतासा." त्यांची काळजी मला कळत होती. दरवर्षी खंडेनवमीला मालक सगळा पंप धुऊन काढत. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "जावा हो तुम्ही निवांत. मी हाय की."

त्यांनी पट्ट्याची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि आवारात भिंतीला टेकवलेल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं : टाकीजवळ पाणी वापरू नये. पूजा कोरडी करावी. खाली सही. मग पिशवी उचलून गेले.

खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचं औत, तसं आमचं पाच लिटरचं माप, पाने, हातोडे आणि टाकीचं माप घ्यायचा लांब गज. आणि मालकांच्या वडलांपासूनची आमच्या पंपाची रीत अशी, की टाकीचं पितळी झाकणही काढायचं, चिंचेनं लखलखीत घासायचं आणि पूजेत मधोमध मांडायचं. झाकण म्हणजे टाकीचा मान. तोवर नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा. दरवर्षी त्या बोळ्यातून थोडंफार पाणी आत जात असणार, पण साध्या पेट्रोलनं ते कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

मालक पांढरे कपडे घालून, गंध लावून आले. बरोबर विहिरीच्या पाण्याचा टँकर. त्यांनी फळा वाचला. "ह्ये कुनी लिवलंय?"

"कांबळेसाहेबांनी," मी म्हणालो. "यंदा कोरडीच करा म्हनालेत. पानी टाकीत गेलं तर..."

"खंडेनवमीला पंप धुवायचा न्हाय? पारोशा यंत्राची पूजा करायची?" मग फळ्यावरचा खडू चपलेनं पुसत म्हणाले, "त्येला काय कळतंय पूजेतलं?" आणि हसले. ते कशाला हसले ते सगळ्यांना कळलं. सगळी माणसं हसली. मीही हसलो. हे लिहिताना हात अडतो, पण हसलो.

मग कुलूप मी काढलं. झाकणाचे आटे मी सोडवले. बोळा मी कोंबला. टँकरचा पाइप सुटला, आवारभर पाणी झालं, कोपऱ्यातला खड्डा काठोकाठ भरला आणि बोळा पाण्याखाली गेला. त्या वेळी बरणी माझ्या डोक्यात आलीच नाही, असं पुढं मी स्वतःलाच सांगत राहिलो. आली होती. पाणी खड्ड्यात उतरताना मला ते दोन थर स्पष्ट दिसले होते. मालक समोर उभे होते म्हणून मी गप्प बसलो, दुसरं कारण काही नाही.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागली. पेट्रोल भरून गाड्या निघाल्या आणि मैलभराच्या आत एकेक बंद पडायला लागल्या. नवी गाडी देवीला दाखवायला निघालेली माणसं गाडी ढकलत परत आली. दुपारपर्यंत आवारात दोनअडीचशे माणूस जमलं. हमीदनं एका गाडीचा कार्बोरेटर उघडून वाटीत ओतला, वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यात पानी हाय! पानी आन स्पिरिट. पेट्रोलचा पत्त्या न्हाय. आरं, टाकीत पानी गेलंय तुमच्या!" कुणी ऐकलं नाही. लोकांना उसाच्या पेट्रोलला शिव्या द्यायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत आणखी एक कुजबुज निघाली. मॅनेजर पूजेला थांबत नाही, देवाधर्माचा नाही, त्याच्या हातचं इंधन कसं लाभेल? ही कुजबुज पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली ते मला माहीत आहे. परवा त्याच तोंडानं सत्काराला उत्तर दिलं.

कांबळे आले ते प्रवासाची पिशवी खांद्यावर तशीच घेऊन. टाकीच्या तळाचा नमुना काढला, बरणीत ओतला, बघितला. "पानी," म्हणाले. मग खड्ड्याशी जाऊन झाकण काढून हातात घेतलं. लखलखीत घासलेलं. आट्यांच्या खाचांत हळद अडकलेली. त्यांनी नखानं थोडी हळद काढली आणि माझ्याकडं पाहिलं.

चौकशीला कंपनीचा एक तरुण साहेब आला. ऑफिसात तो, मालक, कांबळे आणि मी. मालक म्हणाले, पाणीबिणी काही नाही, तुमचं इंधनच नासकं. पूजेचं नाव कागदावर येऊ द्यायचं नव्हतं त्यांना. साहेबानं खांदे उडवले. त्यालाही घाई होती. इंधन सदोष, असं लिहायला त्यानं कागद पुढं ओढला. तेव्हा कांबळे उठून उभे राहिले.

"साहेब, पानी लिवा. नमुना तपासा. पानी गेलंय आत."

"पाणी लिहिलं तर ते कसं गेलं आणि कुणामुळं गेलं तेही लिहावं लागेल. झाकणाची किल्ली कुणाकडं होती?"

मालक माझ्याकडं बघत होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो.

"माझ्याकडं," कांबळे म्हणाले.

"तुम्ही तर नागपूरला होता?"

"जायच्या आदी माप घेतलं आन झाकन लावायचं ऱ्हायलं. पावसाचं पानी गेलं असंल." जन्मात खोटं न बोललेला माणूस, त्याला धड खोटंही बोलता येत नव्हतं. त्या आठवड्यात पाऊस नव्हता. पुढं म्हणाले, "माझं नाव लिवा. पन कारन पानी लिवा. स्पिरिट लिवू नका."

साहेबानं तसं लिहिलं. सहीला पेन हवं होतं आणि कांबळ्यांच्या खिशात कधी पेन नसायचंच. मी माझं दिलं.

कंपनीचं पत्र महिन्याभरात आलं. त्यात मॅनेजरचा अक्षम्य निष्काळजीपणा होता. आणि त्याच्याच खाली, निर्लज्जपणे, हेही होतं की या भागातलं हवामान आणि पंपावरची हाताळणी पाहता हे मिश्रण इथं विक्रीस योग्य नाही. म्हणजे माणूसही घेतला आणि स्पिरिटही सोडलं नाही. कांबळ्यांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट त्या शेवटच्या ओळीखाली थांबलं आणि तिथंच राहिलं. त्याच दिवशी मालकांनी त्यांना काढलं. ते फडक्यात गुंडाळून बरणी घेऊन गेले. त्यांच्या खुर्चीत मी बसलो. मॅनेजर पोवार. हमीदनं त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. रस्त्याच्या पलीकडून नुसता बघायचा.

कांबळे मग घरी सायन्सच्या शिकवण्या घेत, असं कानावर यायचं. मी गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

काही वर्षांनी पुन्हा हुकूम आला. आता चाचणी वगैरे नाही, सगळ्याच पंपांवर डेपोतून मिसळलेलंच पेट्रोल येणार. कुणाला कुणाची हमी लागली नाही, वायसरचा प्रश्न निघाला नाही, हवामान एका रात्रीत योग्य झालं. बरोबर सूचनांचं एक पत्रक होतं, टाकीत पाणी जाऊ देऊ नये म्हणून. मी ते फायलीला लावलं.

त्याच साली खंडेनवमीला मालकांनी टँकर आणला. मी एवढंच म्हणून बघितलं, "मालक, पत्रक आलंय. पानी..." त्यांनी नुसतं वळून बघितलं. मी गेलो, कुलूप काढलं, झाकण सोडवलं. घासलेलं झाकण हळदीकुंकू लावून पूजेत मधोमध मांडलं. पाइप जोडायला पोरं टँकरकडं गेली. सगळं जसंच्या तसं. माझे हात ते करत होते आणि मला माझ्याच हातांची किळस येत होती, तरी ते थांबत नव्हते.

मुहूर्त टळू नये म्हणून धुण्याआधीच मालक डोळे मिटून आरतीला उभे राहिले होते. तेवढ्यात फाटकातून एक म्हातारा काठी टेकत आत आला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. सरळ पूजेपाशी आले, वाकले आणि मधोमध ठेवलेलं झाकण उचललं. तांदूळ सांडले. कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकायला त्यांना वेळ लागला. खड्ड्यात हात घालून बोळा काढला, झाकण बसवलं, एकेक आटा फिरवून आवळलं. मग काठीच्या आधारानं उठले. मी जवळ उभा होतो.

"यंदा नागपूरला गेला न्हाईसा?" माझ्या तोंडून निघालं. इतक्या वर्षांनी बोलायला मला एवढंच सुचलं.

"न्हाय," ते म्हणाले. "पैल्यांदाच चुकलं." श्वास घेतला, आणि झाकणाकडं बोट केलं. "आता ओता किती ओतायचं त्ये."

खिशातून गाळणकागद काढून त्यांनी बोटांचं हळदीकुंकू पुसलं, कागद घडी घालून परत खिशात ठेवला आणि निघाले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

आरती संपली. मालकांनी डोळे उघडले. पूजेत झाकणाच्या जागी तांदळाचं मोकळं कडं.

"झाकन कुनी उचाललं?" मालक गरजले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी," मी म्हणालो.

जे केलं होतं ते कधी कबूल केलं नाही, आणि जे केलं नाही तेवढंच कबूल केलं. तोवर कांबळे फाटकाबाहेर पडून हमीदच्या गॅरेजपाशी पोचले होते. हमीदनं त्यांना बसायला स्टूल दिलं. त्यांना माझा आवाज ऐकू गेला नसणार.